एका वाक्याची शाळा

आमचें बिऱ्हाड दिघीस आहे. आळंदीहून पुण्याकडे जाणारा रस्ता येथून जातो. ज्येष्ठ महिन्यांत त्यावरून वारकऱ्यांच्या दिंड्या जातात. एरवीं लष्कराच्या गाड्या, भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार आणि पाठीवर दप्तर घेतलेलीं मुलें यांचीच वर्दळ असते. याच रस्त्यानें शाळेस जातांयेतां एका परक्या भाषेनें आम्हांस जो धडा शिकविला, तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आज सांगावयाचा आहे. धडा व्याकरणाचा आहे, आणि त्यांतली मोठी चूक आमची आहे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक नवा मुलगा आला. वडील चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत कामास. घरची भाषा हिंदी. गणितांत मुलगा हुशार, परंतु मराठी निबंधांत तो 'शाळेमध्यें' न लिहितां 'शाळामध्यें' लिही. 'भाषेला' न लिहितां 'भाषाला' लिही. आम्हीं तांबड्या शाईनें त्या चुका अनेकदां खोडल्या. एके दिवशीं धीर सुटून त्याचें एक वाक्य आम्हीं वर्गासमोर मोठ्यानें वाचून दाखविलें. मुलें हंसलीं. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही हंसलों. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेस येईनासा झाला.

त्याच सुमारास तुर्की भाषेची ओळख करून देणारें एक लहानसें पुस्तक आमच्या हातीं आलें. आपला 'तोफ' हा शब्द मूळचा तुर्की. 'उर्दू' या भाषानामाच्या मुळाशींही सैन्य किंवा सैन्याचा तळ या अर्थाचा तुर्की शब्द आहे. लष्कराच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हांस या भाषेचें कुतूहल वाटलें, यांत नवल नाहीं. तुर्कस्तानानें १९२८ सालीं अरबी लिपि सोडून रोमन लिपि घेतली. त्यामुळें अक्षरओळखीची अडचण नव्हती. पहिल्याच पाठांत एक वाक्य होतें: 'एव्देन् ओकुला गिदियोरुम्.' अर्थ असा कीं, 'घराहून शाळेला जातों.'

हें वाक्य आपण उकलून पाहूं. 'एव्' म्हणजे घर आणि 'देन्' म्हणजे हून. 'ओकुल' म्हणजे शाळा आणि पुढचा 'आ' म्हणजे ला. शेवटीं क्रियापद: 'गिद्' म्हणजे जाणें, 'इयोर्' म्हणजे क्रिया चालू आहे, आणि 'उम्' म्हणजे मी. आपण 'जातों' म्हटलें कीं 'मी' वेगळा सांगावा लागत नाहीं, तसेंच हें. शब्दांचा क्रमही अगदीं आपलाच. इंग्रजींत हेंच सांगावयाचें तर आधीं 'मी', मग 'जाणें', आणि घर व शाळा मागाहून. कुळानें पाहिलें तर इंग्रजी ही मराठीची दूरची नातलग आणि तुर्की मुळींच नातलग नव्हे. तरी वाक्याची चाल मात्र परक्या तुर्कीची आपल्यासारखी!

एक भेद मात्र आहे. आमच्या वर्गांतला मुलगा 'जातों' म्हणेल आणि मुलगी 'जातें' म्हणेल. तुर्कस्तानांत दोघेंही 'गिदियोरुम्' म्हणतील. आपल्या तो, ती, तें या तिन्ही सर्वनामांचें काम तेथें 'ओ' हें एकच अक्षर करतें.

एवढें समजल्यावर आम्हांस वाटलें कीं, ही भाषा म्हणजे हातचा मळ. संध्याकाळीं शाळा सुटल्यावर चालतां चालतां वाक्य उलटें केलें. 'शाळेहून घराला जातों' याचें तुर्की आम्हीं केलें: 'ओकुल्देन् एवा गिदियोरुम्.' घरीं येऊन पुस्तकांतलें उत्तर पाहिलें, तों पहिले दोन्ही शब्द चुकलेले! बरोबर वाक्य होतें: 'ओकुल्दान् एवे गिदियोरुम्.'

कारण असें. ए, इ यांसारखे जे स्वर जिभेचा पुढचा भाग उचलून उच्चारतात, त्यांचा तुर्कींत एक गट. आ, ओ, उ यांसारखे जे मागचा भाग उचलून उच्चारतात, त्यांचा दुसरा. शब्दाचा शेवटचा स्वर ज्या गटांतला, त्याच गटांतला स्वर प्रत्ययानेंही घ्यावयाचा. म्हणून 'एव्'पुढें 'देन्', पण 'ओकुल'पुढें 'दान्'. 'ओकुल'पुढें 'आ', पण 'एव्'पुढें 'ए'. नियम दोन ओळींचा. परंतु आम्ही पदवीधर शिक्षक तो वाचूनही पुढचे तीन दिवस तीच चूक करीत होतों! मन मराठीच्या वळणानें जाई. आपला 'हून' कोठेंही लावा, तो 'हून'च राहतो; मग तुर्कीचा 'देन्' कां बदलावा?

चौथ्या दिवशीं दिघीच्या चढावर आम्ही एकदम थांबलों. आपल्या मराठींत कांहींच बदलत नाहीं काय? बदलतें तर! आपण 'शाळाहून' म्हणत नाहीं, 'शाळेहून' म्हणतों. 'घरला' म्हणत नाहीं, 'घराला' म्हणतों. तुर्कींत नाम बहुधा आपल्या जागीं ताठ उभें राहतें आणि प्रत्यय त्याच्याकडे पाहून स्वर बदलतो. मराठींत प्रत्यय ताठ राहतो आणि नाम वांकतें. या वांकण्यालाच आपण 'सामान्यरूप' म्हणतों. वीस वर्षें आम्ही हा शब्द फळ्यावर लिहीत आलों. तो शिकणाऱ्यास किती अवघड असेल, हें त्या दिवशीं प्रथम कळलें.

आणि मग तो मुलगा आठवला. हिंदींत 'पाठशाला में' म्हणतांना 'पाठशाला' जशीच्या तशी राहते. तोच नियम तो मराठींत आणीत होता. तें दुर्लक्ष नव्हतें. तो आपल्या मातृभाषेशीं इमानानें वागत होता, जसे आम्ही 'ओकुल्देन्' म्हणतांना वागलों. आम्हांस मात्र कोणी वर्गासमोर उभें करून हंसलें नव्हतें.

आईच्या तोंडून भाषा शिकणाऱ्यास तिचे नियम दिसत नाहींत. बाहेरून येणारा प्रत्येक नियमाला ठेंचाळतो, म्हणून त्याला ते आधीं दिसतात. मराठीचें एक आरंभींचें छापील व्याकरण विल्यम कॅरी या परदेशी मनुष्यानें १८०५ सालीं श्रीरामपूर येथें प्रसिद्ध केलें, आणि वैजनाथ नांवाच्या पंडितानें त्यास या भाषेंत साहाय्य केलें. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण त्यानंतर १८३६ सालीं आलें. वैजनाथ पंडित कॅरीच्या प्रत्येक चुकीला हंसत बसले असते, तर काय झालें असतें?

त्या रविवारीं आम्ही मुलाच्या घरीं गेलों. त्याच्या वडिलांसमोर आम्हीं आमची चूक कबूल केली. मग वहीच्या कागदावर तें तुर्की वाक्य लिहून, त्यांत आम्ही कसे फसलों तेंही मुलाला दाखविलें. तो प्रथम मान वर करीना. हळूहळू कागदाकडे पाहूं लागला, आणि शेवटीं त्यानें विचारलें, "सर, 'जात नाहीं' याला काय म्हणतात?"

आम्हीं लिहिलें: 'गित्मियोरुम्.' मराठीचा 'नाहीं' क्रियापदामागून वेगळा चालतो. तुर्कींत तो 'मि' होऊन क्रियापदाच्या पोटांत शिरतो. मुलानें त्या 'मि'खालीं रेघ ओढली आणि म्हणाला, "एवढासाच?"

एवढासाच. बाहेरून पाहणाऱ्यास चटकन दिसतही नाहीं. पण वाक्याचा सारा अर्थ फिरवितो. त्या मुलाच्या वाक्यांत तो आमच्याच हंसण्यानें शिरला होता.

सोमवारीं मुलगा शाळेस आला. त्याची सामान्यरूपें अजून अधूनमधून चुकतात, आणि आमचा 'दान्' व 'देन्' यांचा घोंटाळाही पुरता मिटलेला नाहीं. तांबडी शाई आम्हीं टाकून दिलेली नाहीं. चूक ती चूकच. मात्र आतां खोडण्यापूर्वीं आम्ही मुलास विचारतों, "बाळ, तुमच्या घरीं हें कसें म्हणतात?" पालकांसही आमचें सांगणें एवढेंच कीं, मूल अडखळलें तर हाच प्रश्न आधीं विचारावा आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.