सातशे ग्रॅम

आमचा धंदा कापसाचा. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावांतून कापूस घ्यायचा आणि जिनिंगला घालायचा. दसरा ते संक्रांत हेच आमचे खरे दिवस. काटा झाला की शेतकरी पैसे मागतो, तेही रोख. बँकेतून रक्कम काढायची, पिशवीत घालायची, पिशवी सीटखाली सारायची आणि निघायचं, असं वीस वर्षं चाललं. २०१५च्या हंगामात राक्षसभुवनच्या रस्त्याला दोघं मोटारसायकलवरून आडवे आले आणि डोळ्यांत चटणी फेकली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता म्हणून पिशवी वाचली. डोळे मात्र चार दिवस उघडले नाहीत.

वडिलांच्या काळी घरात बारा बोअरची दुनळी होती. ती रानडुकरांसाठी. मला हवं होतं ते गाडीत बसताना अंगावर राहील असं. रीतसर अर्ज केला. पोलीस ठाण्यातून चौकशी झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं गेलं, हत्यार हाताळायला शिकल्याचा दाखला जोडला आणि फाईल जिल्हाधिकारी कार्यालयात गेली. परवाना हातात आला तेव्हा २०१७ उजाडलं होतं.

पुण्याच्या दुकानात गेलो तेव्हा कळलं, निवड फार मोठी नसते. नऊ एमएम आपल्यासारख्याला मिळत नाही, ते फौज-पोलिसांचं. आपल्या वाट्याला येतं ते बत्तीस बोअर. त्यात सरकारी कारखान्यांचा माल तेव्हा दुकानात होता तो तीन तऱ्हांचा: कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, ‘अशनी’ नावाचं पिस्तूल आणि ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर. हे निर्भीक २०१४ साली निघालं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर बायकांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून काढलेलं, पाचशे ग्रॅमच्या आसपास. किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात. मी कानपूरचं साधं रिव्हॉल्व्हर उचललं. वजन सातशे ग्रॅम. काट्यावरचा माणूस मी, मनात म्हटलं सातशे ग्रॅम म्हणजे काय मोठं?

मोठं काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. पिस्तूल चपटं असतं, रिव्हॉल्व्हरची चक्री बाहेर फुगते. माझा वेश पांढरा शर्ट नि पँट. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, शर्ट घामाने अंगाला चिकटतो आणि आतलं सगळं दिसतं. गाडीत पट्टा लावला की मूठ बरगडीला रुतायची. दुकानात गादीवर मांडी घालून बसलो की नळी जांघेत. वाकून कापसाचं बोंड हातात घ्यायची सोय नाही. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, “हे काय बांधलंस रे कमरंला? मुतखडा तर नाही ना झाला?”

आणि ते झाकायलाच हवं होतं. २०१६च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे, सार्वजनिक जागी हत्यार खोळीत पाहिजे, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि आपल्या ताब्यात पाहिजे. आमच्या जिल्ह्यात रीत नेमकी उलटी. शर्ट जरा आखूड शिवायचा, बसताना मागून वर सरकू द्यायचा, म्हणजे ज्याला दिसायचं त्याला दिसतं. खोटं कशाला बोलू, मीही ते सुख घेतलंय. एका लग्नात पंगतीला वाकलो आणि शर्ट वर गेला. वाढणाऱ्या पोराची नजर तिथे थांबली. जेवण झाल्यावर यजमान स्वतः आले आणि मला पहिल्या रांगेत, पुढाऱ्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. कापसाच्या व्यापाऱ्याला ती खुर्ची त्याआधी कधी मिळाली नव्हती. घरी येताना मी खूश होतो. बायको गाडीत एवढंच म्हणाली, “अहो, आता चोर लांबून ओळखतील तुम्हाला.”

तिचं म्हणणं डोक्यात राहिलं. शिवाय पाठीला कळ लागायला लागली होती. दोन हंगामांनंतर, कागदपत्रं करून, मी ते रिव्हॉल्व्हर दुसऱ्या परवानाधारकाला दिलं आणि निर्भीक घेतलं. दोनशे ग्रॅमचाच फरक, पण कमरेला तो किलोभर वाटतो. खोळ बारीक झाली, शर्ट नीट बसला, मांडी घालता येऊ लागली. फक्त नेम बिघडला. हलक्या हत्याराचा झटका जास्त लागतो. सरावाला गेलो की जुन्याने सहापैकी चार-पाच गोळ्या कागदावर बसायच्या, नव्याने तीन बसल्या तर नशीब. गाडीच्या काचेतून हात काढून भेदरलेल्या मनाने काय झालं असतं, ते सांगायला नको.

पण खरा धडा नेमाचा नव्हता. जुनं रिव्हॉल्व्हर क्षणभरही विसरू द्यायचं नाही. उठताना, बसताना, खोकताना ते आपली आठवण करून द्यायचं. नवं आठ-पंधरा दिवसांत अंगाचंच झालं. एका रात्री माजलगावहून उशिरा आलो, पँट खुंटीला टांगली आणि झोपलो. नेहमी गोळ्या काढून वेगळ्या ठेवायच्या आणि हत्यार कपाटात कुलपात, हा माझा नेम. त्या रात्री दोन्ही राहिलं. सकाळी सूनबाई धुण्यासाठी कपडे गोळा करत होती. तिच्या मागे चार वर्षांचा नातू. तिने पँट उचलली, जड लागली म्हणून चाचपली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मला हाक मारली ती इतक्या हळू आवाजात की तो आवाज अजून कानात आहे. “मामंजी, हे तुम्ही घ्या.” दुसरा शब्द नाही. दोन दिवस मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

त्यानंतर मी हिशेब मांडला. बँकेत हत्यार घेऊन जाता येत नाही, म्हणजे रोकड काढताना ते नसणार. कोर्टात, कचेरीत, देवळात नाही. गाडीत सोडून जायची सोय नाही. २०१९ आणि २०२४ला लोकसभा, विधानसभा दोन्ही आल्या, तेव्हा महिना-महिना ठाण्यात जमा. मग उरतात किती दिवस? आणि त्या दिवसांतही चटणी फेकणारा आधी चटणीच फेकणार.

९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर सगळ्या राज्याचं लक्ष बीडच्या बंदुकांकडे गेलं. हवेत गोळ्या झाडतानाचे पोरांचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं छापून आलं. लग्नावरातीत बार काढायला २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलेला आहे, हे पुष्कळांना तेव्हा कळलं. परवान्यांची छाननी सुरू झाली, कित्येक रद्द झाले. मलाही कागद घेऊन बोलावलं. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, “आता गरज काय आहे?” मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, सांगण्यासारखं काही नाही. नोटाबंदीनंतर हळूहळू शेतकऱ्याचे पैसे खात्यावरच जायला लागले होते. त्या हंगामात माझ्या पिशवीत डिझेलचे आणि हमालीचे सोडून पैसेच नव्हते.

२०२०ला नूतनीकरण केलेला माझा परवाना पाच वर्षांनी, २०२५ला संपत होता. मी पुढचा अर्ज केला नाही. हत्यार जमा केलं, पावती घेतली. आईला सांगितलं तर म्हणाली, “बरं केलंस, उतरला एकदाचा खडा.”

तरीही गावातली पोरं विचारतात, काका, कोणतं घेऊ, बारीक की मोठं? कुणाला खरीच गरज असेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी दुकानात या. काट्यावरची पाचशे आणि दोनशेची वजनं फडक्यात बांधून देतो. महिनाभर कमरेला लावा, कुणाला दिसू देऊ नका, रात्री न विसरता काढून कुलपात ठेवा आणि सकाळी परत बांधा. महिन्याने या आणि सांगा, एकदा तरी विसरलात का. मग अर्ज करायचा की नाही ते ठरवू. आजवर चौघं वजनं घेऊन गेले. तिघांनी आठवड्याच्या आत परत आणून दिली. चौथ्याने हरवली.