पुढची!

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. तिच्यावर मी आजवर चार-पाच व्याख्यानं दिली असतील, आणि बहुतेक वेळा पडद्यामागचं यंत्र बदललेलं.

नव्वदच्या दशकात ओएचपी, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टर. डोंबिवलीहून ठाण्याला जाताना ट्रान्सपरन्सीची फाइल छातीशी धरायची, दोन शीटच्या मधे बटर पेपर. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं हिरव्या मार्करने बायकोने लिहिलेली, कारण अक्षर तिचं. यंत्रापाशी उभ्या मुलाला मी म्हणायचो, "पुढची!" एकदा त्याने नकाशा उलटा ठेवला आणि ठाणं मुंबईच्या पश्चिमेला, थेट समुद्रात गेलं. टाळ्या त्यालाच पडल्या.

मग २००३. रेल्वेची दीडशे वर्षं. पॉवरपॉइंट, सीडी, मी एकदम आधुनिक! नौपाड्यातल्या एका सभागृहात पडदा उजळला आणि 'ठाणे' नाहीच. रोमन अक्षरं, आकडे आणि कंस यांची भेळ. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फॉन्ट घरी राहिला की मराठीही घरीच. सीडीत फॉन्ट होता हो, पण तो टाकायला पासवर्ड लागत होता आणि पासवर्डवाले गृहस्थ जेवायला गेले होते. चौदा डबे आणि चारशे पाहुणे मी हातवारे करून धाडले.

गंमत म्हणजे २००४ मध्येच एरिक मेयरने एस-फाइव्ह काढलं होतं: सगळं सादरीकरण एका वेबपानात. मला पत्ताच नव्हता. मी पुढे कित्येक वर्षं खिशात पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हमध्ये फॉन्ट घेऊन हिंडलो.

परवाच्या व्याख्यानाचं काम कल्याणच्या भाचीने केलं. "मामा, पॉवरपॉइंट नको, ब्राउझरमध्येच चालवू." रिव्हील डॉट जेएस, २०११ पासूनचं, फुकट. मजकूर युनिकोडमध्ये, आणि मुंबईच्याच एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट पानाबरोबरच येतो. 'सिंध' लिहिताना जुन्या फॉन्टात वेलांटी आधी टंकायची, मग स. आता स आधी, वेलांटी आपली आपण मागे सरकते. मी ते तीनदा करून पाहिलं. एस दाबलं की माझ्या टिपणांची वेगळी खिडकी उघडते, लोकांना दिसत नाही. ओएचपीच्या काळात हीच टिपणं तळहातावर असत.

पहिल्याच स्लाइडवर तिने सादरीकरणाचा क्यूआर कोड टाकला होता. दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी मोबाइलवर तो उघडला. मी भायखळ्याला होतो तोवर ते खाडीचा पूल ओलांडून कल्याणला, १ मे १८५४ ला पोचलेले.

बटण आता माझ्याच हातात असतं, तरी तोंडातून निघालंच, "पुढची!"

"बघितली," आजोबा म्हणाले.