काठमांडूची लस्सी आणि काविळीची लस

काठमांडू आपल्याला परदेश वाटतच नाही. भारतीयाला व्हिसा लागत नाही. गोरखपूरहून सोनौलीमार्गे गेलात तर मतदार ओळखपत्रावरही काम भागते. पशुपतिनाथाच्या देवळाबाहेर हिंदीत भाव करता येतो. त्यामुळे निघताना घरात स्वेटर मोजले जातात, लसीचा विषय निघत नाही. आफ्रिकेतल्या अनेक देशांत पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. काविळीच्या लसीचा दाखला मात्र नेपाळच्या सीमेवर कुणी मागत नाही.

आणि शहर तर खायला बोलावणारे! असनच्या चौकात सहा रस्ते येऊन मिळतात. मसाले, सुके मासे, पितळी भांडी यांच्या गर्दीतून इंद्रचौकाकडे सरकलात की दाट लस्सी पुढे येते. मोमो वाफेतून थेट ताटलीत पडतात, त्यांची धास्ती नको. सोबतच्या कच्च्या चटणीची मात्र असावी. पाटणच्या दरबार चौकातली मंगा हिटी सहाव्या शतकातली मानतात. तिचे कोरीव दगडी नळ पाहिले की या खोऱ्याने एकेकाळी पाण्याची केवढी निगा राखली होती, ते कळते. आज टँकर आणि जार यांवाचून इथल्या असंख्य घरांचे चालत नाही. २०२१ साली मेलम्ची नदीचे पाणी बोगद्यातून शहरात आले खरे, पण त्याच वर्षी पुराने योजनेची हानी केली. २०२२ च्या जूनमध्ये तर कॉलऱ्याच्या भीतीने ललितपूर, म्हणजे पाटणच्या महानगरपालिकेने पाणीपुरीची विक्रीच थांबवली होती.

दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ प्रकारची कावीळही याच वाटेने येते. गंमत अशी, की आजोबांना तिचे भय सहसा नसते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणीच ती नकळत होऊन गेलेली असते. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेला विशीतला नातू मात्र कोरा असतो, आणि मोठेपणी हा आजार जास्त जड जातो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला दोन ते सात आठवडे लागतात. तोवर सहलीचे फोटो पाहून झालेले असतात. मग कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतो, माळ घालतो. आपोआप बरे होणाऱ्या रुग्णांचे श्रेय अशा माळांनी फार लाटले आहे.

‘ए’ची लस सरकारच्या राष्ट्रीय लसीकरणात नाही, पैसे मोजून घ्यावी लागते. निघण्यापूर्वी दोन-चार आठवडे एक डोस घ्यावा, दुसरा सहा महिन्यांनी. उशीर झाला तरी पहिला डोस वाया जात नाही. ‘बी’ कावीळ रक्तातून, न उकळलेल्या सुईतून पसरते. थामेलमध्ये हौसेने गोंदवून घेणाऱ्यांनी आपले ‘बी’चे डोस पूर्ण आहेत का, ते आधी पाहावे.

उरली ‘ई’. २०१४ साली नेपाळमधल्या विराटनगरात तिची मोठी साथ आली होती. चीनने २०११ साली तिच्यावरची लस मंजूर केली, पण प्रवाशांच्या नेहमीच्या लसींत ती नाही. गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते. अशी सून बरोबर असेल तर तिला पाणी उकळलेलेच द्यावे, आणि इंद्रचौकातली लस्सी तिने पुढच्या खेपेला प्यावी.