बरं झाल्यानंतरचं वर्ष

भगंदराचा माणूस आपलं दुखणं लपवतो. गुदद्वाराजवळ आत वाट करत गेलेली, वाहत राहणारी जखम ती, सांगणार कशी? काशीत ब्रह्मा घाटाला राहणाऱ्या आतोबांनी ते आत्यापासूनही बराच काळ लपवलं. बसताना ते उशी घेत, एवढंच आम्हाला दिसायचं. धोतराला सतत पुवाचा डाग लागणारा माणूस सोवळ्यात बसेल कसा? पूजा सुटली, पंक्तीला बसणं सुटलं. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट आणि पंचगंगेच्या मागच्या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरं आहेत, सगळे सगळ्यांना ओळखतात. अशा ठिकाणी पंक्तीतून उठलेला माणूस लगेच डोळ्यांत भरतो.

शेवटी त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. डिस्चार्जच्या कागदावर ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा होता. पावसाळा संपेपर्यंत जखम पुन्हा वाहू लागली. त्या रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र ते बरे झालेल्यांतच राहिले असणार, कारण नंतर त्यांना कुणी विचारलंच नाही. मला राग येतो तो याचा. भगंदर उलटणं नवं नाही, ते कसबी शल्यविशारदाच्या हातूनही उलटतं. पण ते उलटलं हे मोजलंच गेलं नाही, तर पुढच्या रोग्याला आपण कशाच्या आधारावर सल्ला देणार?

याच शहराच्या दक्षिण टोकाला, काशी हिंदू विश्वविद्यालयात, ही मोजणी करणारं काम झालं आहे. शल्यतंत्राचे प्राध्यापक पी. जे. देशपांडे यांनी 1960च्या दशकात क्षारसूत्र पुन्हा उपचारात आणलं. सुती दोऱ्यावर थोराच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून 21 लेप चढवायचे, तो दोरा भगंदराच्या मार्गातून ओवून बांधायचा आणि आठवड्याला बदलायचा. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून ओढून घेतात. दोरा हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते. त्यामुळे गुदद्वाराचा स्नायू एकदम तुटून त्याची टोकं लांब जात नाहीत, आणि शौचावरचा ताबा जाण्याची भीती कमी होते. रोगी चालत येतो, चालत जातो. दोरा बदलताना दुखतं, हेही सांगायला हवं.

सुश्रुतसंहितेत याचं मूळ आहे. जो कृश आहे, दुर्बल आहे, भित्रा आहे किंवा ज्याचा नाडीव्रण, म्हणजे भगंदरासारखी आत नळी करत गेलेली जखम, मर्मस्थानी आहे, त्याला शस्त्राने न कापता क्षारसूत्राने छेदावं, असं तिथे सांगितलं आहे. भित्र्या रोग्याचा वेगळा विचार करणारं हे शास्त्र मला फार मोठं वाटतं. शस्त्रकर्माआधी रोग्याला खाऊ घालावं, वेदना न सोसणाऱ्याला मद्य द्यावं, पण भगंदर, मूळव्याध, मुतखडा अशा कर्मांत उपाशीपोटीच हात घालावा, इतका बारकावाही त्या ग्रंथात आहे. भूल देणारं औषध हाताशी नसताना वैद्य रोग्याच्या बाजूने एवढा विचार करत होता.

पण ग्रंथात आहे म्हणून गुण येतोच असं नाही, आणि देशपांडे तिथे थांबले नाहीत. 200 रोग्यांचा पाठपुरावा करून त्यांनी व के. आर. शर्मा यांनी 1973 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर चाचणी घेतली, तिचा अहवाल 1991 चा. कुणाला दोरा आणि कुणाला शस्त्रक्रिया, हे डॉक्टरांनी किंवा रोग्याने निवडायचं नव्हतं. चिठ्ठी टाकावी तसं ते ठरलं, नाहीतर सोपे रोगी एका बाजूला गेले असते आणि तुलना खोटी पडली असती. दोऱ्याचे 265, शस्त्रक्रियेचे 237. जखम भरायला शस्त्रक्रियेने सुमारे 4 आठवडे, दोऱ्याने 8. वर्षाअखेर दुखणं उलटलं ते शस्त्रक्रियेनंतर 11 टक्क्यांत, दोऱ्यानंतर 4 टक्क्यांत.

पहिल्या महिन्यालाच वह्या मिटल्या असत्या, तर शस्त्रक्रिया सरस ठरली असती. वर्षभर थांबल्यामुळे दुसरी बाजू दिसली. आता कोणता उपचार घ्यायचा हे रोग्याने आपलं जगणं बघून ठरवावं. रोजंदारीवर जाणाऱ्याला चार आठवडे जास्त म्हणजे घरची चूल थंड. आतोबांसारख्याला दोन महिने चालतील, पण पुन्हा पंक्तीतून उठणं नको. त्यांनी दोरा घेतला. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून दर आठवड्याला ते पायीच मोठ्या रस्त्यापर्यंत जात. तिसऱ्या खेपेला आत्याला म्हणाले, “अगं, आता उशी राहू दे.”

भूल, शस्त्रक्रिया, रुग्णालयातली शुश्रूषा यांवरचं कुठलंही संशोधन शेवटी रोग्याच्या उत्तरावर उभं असतं. तेव्हा तुमच्या घरातल्या कुणाला शस्त्रक्रियेनंतर वर्षाने रुग्णालयातून तपासणीचं बोलावणं आलं, तर “आता काही दुखत नाही, कशाला जायचं?” असं म्हणू नका. जा, आणि खरं ते सांगा. बोलावणं आलंच नाही, तर आपणहून फोन करून कळवा.