किलोच्या भावाने

झालं असं की, गेल्या दिवाळीत कराडला माळा साफ करताना बाबांच्या निगेटिव्हचे तीन डबे सापडले. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. २००९ साली बंद केला, तेव्हा मी सहावीत होतो. डबे घेऊन पुण्याला आलो आणि ठरवलं, यांचे सायनोटाइप करायचे.

सायनोटाइप म्हणजे तो निळा फोटो. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली पद्धत. दोन रसायनं पाण्यात कालवायची, कागदावर फासायची, कागद वाळला की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा आणि मग नळाखाली धुवायचा. एवढंच. अडचण अशी की यात जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. बाबांच्या निगेटिव्ह सहा सेंटिमीटर बाय सहा. मोठा फोटो हवा तर मोठी निगेटिव्ह हवी, म्हणजे स्कॅन करून पारदर्शक फिल्मवर ए-४ आकारात छापायला हवी. म्हणजे इंकजेट. आणि छंदापायी महिन्याचं भाडं घालवायचं नाही, म्हणजे सेकंडहँड!

पहिला घेतला दीड हजाराला, ऑनलाइन जाहिरात बघून. विकणारा मुलगा म्हणाला, "सहा महिने वापरलाच नाहीये, नव्यासारखा आहे." मी खूश. गाढवपणा. इंकजेट ही पडून राहिली की मरणारी वस्तू आहे. शाई नोझलमध्ये वाळते. मी एका रात्रीत बारा वेळा हेड क्लीनिंग चालवलं. त्यात निघणारी शाई जाते कुठे? तर मशीनच्या पोटात एक स्पंज असतो, तिथे. प्रिंटर त्याचा हिशोब ठेवतो आणि हिशोब भरला की लाल दिवे लावून संप करतो. माझ्याने केला. (बग नाही, फीचर आहे!) रूमपार्टनरने त्यावर गणपतीच्या मखरासारखे लाइट लावले, ते अजून आहेत.

तेव्हा पुन्हा म्हणून सांगतो, सेकंडहँड घ्यायचा तर रोज वापरातला घ्या आणि पैसे देण्याआधी नोझल चेकचा कागद समोर काढून घ्या. रेघा तुटक आल्या तर चहा पिऊन परत या.

रोज वापरातला सापडला चिंचवडला. फोटोवाल्याचं दुकान, बंद करायला काढलेलं. एप्सन एल८०५, सहा रंगांचा. हा मॉडेल असल्या दुकानांत खूप दिसतो, कारण एप्सनचं हेड शाई तापवत नाही. त्यातला स्फटिक विजेने हलतो आणि थेंब ढकलतो. कॅनन, एचपीच्या थर्मल हेडात शाई क्षणभर उकळते आणि बुडबुडा थेंबाला बाहेर फेकतो. (कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला चुकून लागलं, त्यातून ही कल्पना सुचली म्हणे. आमच्या लॅबमध्ये आयर्न फक्त बोटांना लागायचं.) मगवर नि टी-शर्टवर फोटो छापणारी सब्लिमेशनची शाई तापली की वायू होते, म्हणून ती मंडळी एप्सन घेतात.

बाबा तेव्हा मोतीबिंदूच्या तपासणीला आले होते, त्यांनाही बरोबर नेलं. नोझल चेक काढला, सहाच्या सहा रंग पूर्ण. मग एक फोटो छापला, तो मळकट आला. मी लगेच विचारलं, "यात मगची शाई आहे ना?"

"हो दादा, शाळेचे कप करायचो." माणूस खरं बोलला.

मला जोर आला. सब्लिमेशनची शाई साध्या कागदावर फिकीच दिसते, इस्त्रीने कापडावर उमटते तेव्हा खुलते. ती उपसायची, नळ्या धुवायच्या, साधी शाई भरायची, हे सगळं मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. सहा हजारांचे चार झाले. मी साडेतीनवर अडलो. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "घेऊन जा, दादा. नाहीतरी शेवटी किलोच्या भावानेच जायचाय."

बाबा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "पाच दे त्यांना."

च्यायला, आत्ताच चारावर आणलं होतं! पण बाबा तोवर त्या माणसाला विचारत होते, पहिला कॅमेरा कुठला, रोल धुवायला कुठे पाठवायचात. मी मुकाट्याने पाच हजार दिले.

रिक्षात मांडीवर प्रिंटर घेऊन बसलो. चापेकर चौक गेल्यावर बाबा म्हणाले, "एन्लार्जर न्यायला भंगारवाला आला होता, त्याने लेन्स काढूनसुद्धा बघितली नाही. आधी स्टँड तोलला. तू निदान नोझल तरी बघितलेस." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

नळ्या धुण्यात चार संध्याकाळी गेल्या, बाथरूमची फरशी पाच रंगांची झाली. (सहावा शर्टवर.) ओएचपीची साधी फिल्म आणली, तर शाई त्यावर थेंब थेंब होऊन बसली. इंकजेटची कोटेड फिल्मच लागते. किती वेळ उन्हात धरायचं ते काढायला मी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहीत बसलो होतो, तेवढ्यात बाबांनी पुठ्ठा घेऊन कागद झाकला आणि दर दोन मिनिटांनी बोटभर मागे सरकवत एकाच पट्टीवर सहा वेळा काढल्या. बारा मिनिटं. माझी स्क्रिप्ट तशीच पडली आहे.

पहिली निगेटिव्ह मी मुद्दाम निवडली होती. बाबा डार्करूममध्ये एन्लार्जरशेजारी उभे, सेल्फ टायमर लावून काढलेला फोटो. त्या यंत्राचा आमच्याकडे एवढाच पुरावा. कागद बादलीत घातला, पिवळं पाणी निघून गेलं आणि निळ्यात बाबा वर आले. पस्तिशीतले, भरपूर केस.

बाबांनी ओला कागद खिडकीशी धरला, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"लेन्स निकॉरची होती," म्हणाले. मग कागद माझ्या हातात दिला. "फिका आलाय. आज ऊन कमी आहे, चौदा मिनिटं धर."