पंगत की अंगतपंगत?

इंग्लंडात डिसेंबर महिना लागला म्हणजे दिवस इतके आखूड होतात की, कचेरीत जातानाही अंधार आणि परततानाही अंधार, अशी नोकरदार मनुष्याची स्थिती होते. ह्याच काळोखाच्या दिवसांत तेथील बहुतेक कचेऱ्यांत, दुकानांत व कारखान्यांत एक लहानसा समारंभ होत असतो. वर्षभर शेजारीशेजारी बसून काम करणारी दहापंधरा माणसे नाताळच्या आधी एखाद्या संध्याकाळी मिळून बाहेर पडतात, एखाद्या उपाहारगृहात जेवतात आणि थट्टामस्करी करून आपापल्या घरी जातात. प्रत्येकाच्या ताटाशी एक कागदी नळी ठेवलेली असते. दोघांनी तिची दोन टोके ओढली की फट् असा आवाज होतो, आणि आतून एक कागदी मुकुट, एक क्षुल्लक खेळणे व एक पाणचट विनोद बाहेर पडतो. मुकुट डोक्यावर चढवून तो विनोद मोठ्याने वाचावयाचा, असा शिरस्ता आहे. सर्वांत वरिष्ठ अधिकारीही ह्यातून सुटत नाही.

इतका हा निरुपद्रवी प्रकार! परंतु त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्या एका प्रश्नावरून जितकी कुजबुज आम्ही त्या देशात ऐकली, तितकी पगारवाढीवरूनही ऐकली नाही. पोटापाण्याच्या निमित्ताने आमची बरीच वर्षे तिकडे गेली. प्रथम एका खाजगी विमा कंपनीत व पुढे एका स्थानिक सरकारी कचेरीत आम्ही नोकरी केली. पहिल्या ठिकाणी मेजवानी फुकट होती, दुसऱ्या ठिकाणी ती विकत होती. आणि दोन्हींकडे कोणीतरी दाराबाहेर राहिलेच.

विकतची मेजवानी ही कल्पनाच आमच्या मराठी मनास आरंभी विचित्र वाटली. आपल्याकडे ‘जेवावयास या’ असे म्हणणारा मनुष्य पाहुण्याच्या पाटाखाली वर्गणीची वही सरकवीत नाही. पंगतीला बोलावणे म्हणजे पान आपण मांडणे, हे न सांगता समजते. ह्याच्या उलट अंगतपंगत. तेथे यजमान कोणीच नाही. ज्याने त्याने आपली शिदोरी आणावी, एकत्र बसावे आणि शेजाऱ्याच्या डब्यातील लोणच्यावर हक्क सांगावा. वाचकांपैकी जे शाळेच्या सहलीला गेले असतील त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी चांगल्या. घोटाळा होतो तो आमंत्रण पंगतीचे आणि हिशेब अंगतपंगतीचा, असे झाले म्हणजे.

विमा कंपनीत पंगत होती. खर्च सारा कंपनीचा. तेथील प्राप्तीवरील कराच्या कायद्यात ह्या मेजवानीसाठी एक खास कलम आहे, हे आम्हांस कंपनीच्या हिशेबनिसांकडून कळले. मालकाने नोकरांसाठी दरसाल होणारा समारंभ केला आणि त्याचा खर्च माणशी १५० पौंडांच्या आत राहिला, तर ती नोकराची मिळकत धरली जात नाही व तीवर कर पडत नाही. ही मर्यादा पूर्वी ७५ पौंडांची होती. २००३ साली ती दुप्पट झाली, आणि त्यानंतर महागाई कितीही वाढली तरी ती तेथेच थांबली आहे. मौज अशी की, खर्च १५१ पौंड झाला तर वरच्या एका पौंडावर नव्हे, साऱ्या १५१ वर कर लागतो. म्हणून नाताळ जवळ आला की आमचे हिशेबनीस मिठाईच्या बशा मोजताना दिसत. (जर्मनीत २०१५ पासून माणशी ११० युरोंची सूट आहे, ती वर्षातून दोन समारंभांना मिळते, आणि तेथे मर्यादेवरच्या रकमेपुरताच कर द्यावा लागतो; हा हिशेब आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.) परंतु इंग्लंडच्या कायद्यातील दुसरी एक अट आम्हांस फार आवडली. समारंभ सर्व नोकरांस, निदान त्या ठिकाणच्या सर्व नोकरांस, खुला पाहिजे. निवडक अधिकाऱ्यांनीच बसून खाल्ले तर सूट नाही. तसेच मेजवानीऐवजी रोख पैसे वाटले तर तेही चालत नाही. रोख रकमेवर कर आहेच. एकत्र बसून जेवण्यास कायद्याने दिलेली ही सवलत आहे, असे म्हटले तरी चालेल.

मालकाने सणाला हात सैल सोडावा, ही समजूत तिकडे जुनी आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, घरचे नोकर, टपालवाले व दुकानांतील पोरे ह्यांना पैशाची किंवा वस्तूंची भेट देण्याचा प्रघात होता. त्या दिवसाचे ‘बॉक्सिंग डे’ हे नाव त्या भेटीच्या पेटीवरूनच पडले, असे बहुतेक मानतात. आपल्या दिवाळीच्या पोस्तीचेच हे भावंड. डिकन्सच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ए ख्रिसमस कॅरल’ ह्या गोष्टीत फेझिविग नावाचा एक म्हातारा व्यापारी आहे. तो नाताळच्या आदल्या संध्याकाळी वखारीतील काम बंद करवितो, सामान बाजूस सारवितो, फिडल वाजविणारा बोलावतो, आणि उमेदवारांपासून स्वयंपाकिणीपर्यंत सर्वांस जेवू घालून नाचवितो. साऱ्या थाटाला फार तर तीनचार पौंड लागले असतील, असा हिशेबही लेखकाने तेथे दिला आहे. आम्हांस मात्र त्या प्रसंगातील दुसरीच एक गोष्ट लक्षात राहिली. समोरच्या घरी कामाला असलेला एक पोरगा तेथे येतो. त्याचा मालक त्याला पोटभर खाऊ घालीत नसावा, असा लोकांस संशय असतो. तो फेझिविगचा नोकर नव्हे. तरी तो आत येतो, आणि त्याला कोणी अडवीत नाही.

आमच्या विमा कंपनीत असा पोरगा आत येणे शक्य नव्हते. तेथे झाडलोट करणाऱ्या दोन बायका रोज संध्याकाळी सहाला येत. आमच्या टेबलांवरील चहाचे डाग त्यांनी पुसावे, टोपल्या रिकाम्या कराव्या, आम्हांस नावानिशी ओळखावे. परंतु त्यांचा पगार ठेकेदाराकडून, म्हणून त्या कंपनीच्या नव्हत्या. मेजवानीच्या दिवशी आम्ही नटूनथटून जिना उतरत असू तेव्हा त्या बादल्या घेऊन जिना चढत असत. एके वर्षी कोणी सहज विचारले की, ह्या दोघींना का बोलावू नये? उत्तर मिळाले की, यादी नोकरपटावरून केली जाते. उत्तर नियमाला धरून होते, आणि विचारणाराही मग गप्प बसला.

स्थानिक सरकारी कचेरीत पंगत नव्हती, कारण तेथला पैसा लोकांचा. रस्त्यांची दुरुस्ती, म्हाताऱ्यांची देखभाल, ग्रंथालये ह्यांसाठी लोकांनी भरलेल्या करातून नोकरांनी टर्की पक्षी खावा, हे कोणालाच पटले नसते, आणि आम्हांसही पटत नाही. तेव्हा ज्याने त्याने आपले द्यावे, हे ठीकच होते. पण आमंत्रण मात्र पंगतीच्या थाटात येई. ऑक्टोबर महिन्यातच विभागप्रमुखांचे पत्र सर्वांस जाई : ‘आपण सर्वजण नक्की येणार असे धरून चालतो.’ खाली बारीक अक्षरांत, माणशी ३८ पौंड, पैकी १० पौंड आगाऊ. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. पेयांचे बिल शेवटी सर्वांत समान वाटले जाई. आम्ही मद्य घेत नाही व मांसही खात नाही. त्यामुळे सुक्या मेव्याची एक कोरडी वडी खाऊन दुसऱ्यांच्या द्राक्षासवाचे पैसे भरण्याचा योग आम्हांस दरसाल येई. त्याची तक्रार येथे करीत नाही. आमचा पगार बरा होता. (नाताळात शाकाहारी मनुष्याची इंग्रज स्वयंपाकी कशी कीव करतात, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

सर्वांचा पगार बरा नव्हता. २०२५ सालच्या एप्रिलात तेथे एकवीस वर्षांच्या व त्यावरील कामकऱ्यास तासाला १२ पौंड २१ पेन्स हे किमान वेतन ठरले. म्हणजे ३८ पौंड हे तीन तासांहून अधिक कामाचे मोल झाले. त्यात पेयांचा वाटा आणि रात्री उशिरा बस नसल्यामुळे लागणारे टॅक्सीचे भाडे घातले की दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग उडतो. आमच्या विभागात एक कारकून बाई होत्या. दोन लहान मुले, आणि कमावते माणूस त्या एकट्याच. दर नाताळात त्यांस नेमके त्याच संध्याकाळी दुसरीकडे जावयाचे असे. पहिल्या वर्षी मंडळी हळहळली, दुसऱ्या वर्षी थोडी थट्टा झाली, तिसऱ्या वर्षी ‘त्यांना इतरांत मिसळणे आवडत नाही’ असे कोणी म्हणाले आणि पुष्कळांस ते खरे वाटू लागले. त्या बाईंनी मात्र मेजवानीच्या दिवशी, ‘तुम्ही सगळे निघा, टेलिफोनपाशी मी बसते,’ असे आपण होऊन म्हणावे व पाच वाजेपर्यंत बसावे. एकदा कचेरी सुटल्यावर बसच्या थांब्यावर त्या आमच्याबरोबर होत्या. बोलता बोलता त्यांनी स्वतःच सांगितले की, मेजवानीच्या पैशांत धाकट्याचे शाळेचे बूट येतात. दोन्ही गोष्टी होत नाहीत. स्वरात कडवटपणा नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसे त्यांनी ते सांगितले, आणि बस आली म्हणून त्या चढल्या.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात घोळू लागला. तिकडे वाद चालतो तो असा : एक पक्ष म्हणतो, मेजवानी हा कामाचाच भाग, तेव्हा मालकाने द्यावे, दुसरा म्हणतो, ही करमणूक, ज्याला हवी त्याने विकत घ्यावी. आमच्या मते ह्याचा निकाल एका साध्या खुणेवरून लागतो. न येणाऱ्याला कारण सांगावे लागते काय? लागत असेल तर ते काम होय, आणि कामासाठी नोकराच्या खिशात हात घालण्याचा अधिकार कोणास नाही. कारण न सांगता घरी जाता येत असेल तरच ती करमणूक. सहलीची वर्गणी ज्यांच्याकडून आली नाही त्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचली जातात, तेव्हा त्या मुलांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील त्यांस आमचे म्हणणे चटकन पटेल.

मग विभागप्रमुखाने पदरमोड करावी काय? आमच्याकडे एका प्रमुखांनी ती एकदा केली. साऱ्या टेबलाचे पेयांचे बिल त्यांनी दिले, व मंडळींनी टाळ्या वाजविल्या. परंतु त्यांच्याही घरी मुले होती. शिवाय पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या बाईंकडे बिलाच्या वेळी सर्वजण आशेने पाहू लागले, तेव्हा त्या बिचाऱ्या अगदी अवघडून गेल्या. जपानात वर्षअखेरच्या मेजवानीस ‘बोनेनकाई’ म्हणतात; तेथे पुष्कळ ठिकाणी वर्गणीच असते, पण वरिष्ठांनी अधिक व नवख्यांनी कमी द्यावे असा रिवाज आहे. ही तोड आम्हांस बरी वाटते. आपल्याकडे वाडीतील गणपतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे घेतात ती ह्याच न्यायाने. फक्त कोणी किती दिले ह्याचा फळा मंडपाच्या दाराशी टांगतात, तो टांगला नाही म्हणजे झाले.

ती कचेरी सोडण्यापूर्वीच्या नाताळात आम्ही एक सूचना पुढे केली. संध्याकाळी न जाता दुपारच्या सुट्टीत जमावे. उपाहारगृहात न जाता कचेरीच्याच बैठकीच्या खोलीत जमावे. आणि आमंत्रण अंगतपंगतीचे आहे हे पहिल्याच ओळीत लिहावे. ज्याला जमेल त्याने घरून एक पदार्थ आणावा, न आणला तरी हरकत नाही. गरम पदार्थ बाहेरून आणण्यासाठी एक बंद पाकीट फिरवावे, ते फक्त वरच्या श्रेणीच्या पाच जणांत. कोणी किती घातले हे कोणी पाहू नये. विरोध झाला. ‘त्याच भिंती, तोच टेलिफोन, ही कसली सहल?’ असे तरुण मंडळी म्हणाली, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून जेवणाच्या आधी कचेरीमागून जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठाने थोडे फिरून यावे, अशी दुरुस्ती झाली. त्या दिवशी बारीक पाऊस होता. कालव्यात चार बदके होती, तीही थंडीने आखडलेली. सहल म्हणावी तर एवढीच.

खोलीतले टेबल मात्र भरून गेले. आम्ही घरून साठ बटाटेवडे तळून नेले होते. ते पाव तासात संपले, आणि शेवटचा वडा सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कागदी मुकुटाखालून इकडेतिकडे पाहत उचलला. कारकून बाई आल्या. बेदाण्यांचे गोड सारण भरून भाजलेला ‘मिन्स पाय’ नावाचा एक छोटा गोल पदार्थ तिकडे नाताळात करतात, तो त्यांनी दोन डझन करून आणला होता. टेलिफोनपाशी त्या दिवशी वरिष्ठ मंडळी पाळीपाळीने बसली. इमारतीची झाडलोट करणारा एक गृहस्थ दारातून डोकावला, तेव्हा कोणीतरी त्याला खुर्ची दिली; त्याचे नाव कोणाच्या नोकरपटावर आहे, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही.

दोघा तरुण कारकुनांना हे सारे पुरेसे वाटले नाही. ते त्याच संध्याकाळी आपल्या खर्चाने, आपल्या मित्रांसह शहरात गेले व मध्यरात्रीपर्यंत मजेत राहिले. त्यांस कोणी नावे ठेवली नाहीत.

पाकिटातील पैसे अंदाजापेक्षा अधिक निघाले. गरम पदार्थांचे बिल भागवून ११ पौंड ४० पेन्स उरले, आणि ते कोणाचे, हा एक नवाच वाद उपस्थित झाला. ज्यांनी घातले त्यांस परत द्यावे, तर कोणी किती घातले हे ठाऊक नाही. कचेरीच्या चहा-दुधाच्या खर्चात ते घालावेत असा एक पक्ष होता. पुढच्या नाताळपर्यंत तसेच ठेवावेत असा दुसरा. आम्ही निरोप घेतला त्या दिवशी ते पाकिटासकट विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खालच्या खणात होते.