शिकाऊ चालक आणि मोटारसायकलचा विमा

भारतात मोटारसायकलचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नसतो. त्यामुळे शिकाऊ चालकासाठी म्हणून वेगळी पॉलिसी काढावी लागत नाही. घरच्या गाडीची जी पॉलिसी असेल तीच शिकणाऱ्यालाही लागू होते, पण काही अटींवर. या अटी पॉलिसीच्या कागदावर दोन-तीन ओळींत असतात आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. मलकापुरात प्रस्तुत लेखकाच्या नावावरील, पाच वर्षांहून जुन्या स्प्लेंडरवर त्याचा पुतण्या गाडी शिकला. शिकवणारा प्रस्तुत लेखकच होता. त्या काळात विम्याचे जे कंगोरे ध्यानात आले, ते येथे क्रमाने दिले आहेत.

पहिला प्रश्न परवान्याचा. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार गीअरच्या मोटारसायकलसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण असावी लागतात. 16 वर्षांच्या मुलाला फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगीअरच्या गाडीचा परवाना मिळू शकतो. घरोघरी दिसणाऱ्या 110 सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. वय बसत नसताना मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही 12 महिन्यांसाठी रद्द होते. अशा वेळी विम्याचा कागद जवळ असून नसल्यासारखाच, कारण भरपाईचा बोजा शेवटी मालकावर येऊ शकतो.

मलकापूरच्या गाड्या एमएच 28 च्या, म्हणजे बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाच्या. लर्निंग लायसन्ससाठी आता मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाण्याची गरज उरलेली नाही. आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन ते मिळते. त्याची मुदत सहा महिने असते आणि पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. विम्याच्या दृष्टीने शिकाऊ काळ म्हणजे हाच. लायसन्स हातात येण्याआधीचा सराव त्यात मोजला जात नाही आणि मुदत संपल्यानंतरचाही नाही.

दुसरा भाग पॉलिसीतील चालकविषयक कलमाचा. वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असे त्यात म्हटलेले असते. त्यालाच जोडून पुढे येते की, लर्निंग लायसन्सधारकही गाडी चालवू शकतो, मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 3 पाळलेला असावा. हा नियम तीन गोष्टी मागतो. शिकणाऱ्याजवळ चालू मुदतीचे लर्निंग लायसन्स हवे. त्याच्यासोबत पक्के लायसन्स असलेला शिकवणारा हवा आणि तो गाडी ताब्यात ठेवता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. गाडीला पुढे-मागे ‘एल’ अक्षराची पाटी हवी. मोटारसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज दुसरे कोणी बसवता येत नाही. मित्राला डबलसीट घेऊन सराव करणारा शिकाऊ वाहतुकीचा नियम तर मोडतोच, शिवाय विम्याच्या अटीबाहेरही जातो.

पाटीचे मापही नियमात ठरलेले आहे. 18 सेंटिमीटरचा पांढरा चौकोन आणि त्यावर 10 सेंटिमीटर उंचीचे लाल अक्षर. रेडियमच्या दुकानात तयार मिळणारे स्टिकर बहुधा याहून लहान असते. पुढच्या मडगार्डवर 18 सेंटिमीटरचा चौकोन मावत नाही, तो हेडलाइटच्या व्हायझरवर बांधावा लागतो. मागे नंबर प्लेट झाकणार नाही अशी जागा शोधावी लागते. लेखकाने पातळ पांढऱ्या पत्र्याचे दोन तुकडे कापून घेतले आणि त्यावर लाल रेडियमचे अक्षर चिकटवून घेतले. ते दोऱ्यांनी बांधले की शिकवणी संपल्यावर काढून ठेवता येत होते.

मोटारसायकलच्या शिकवणीत धोका तिघांना असतो. रस्त्यावरचा परका माणूस, मागे बसलेला शिकवणारा आणि हँडल धरलेला शिकाऊ. विमा या तिघांना एका मापाने मोजत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

परक्या माणसासाठी थर्ड पार्टी विमा असतो. सार्वजनिक जागी गाडी चालवायची तर तो कलम 146 नुसार सक्तीचा आहे. नसल्यास पहिल्या वेळी 2,000 रुपये आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता 714 रुपये आहे. 18 टक्के जीएसटी धरून तो 843 रुपयांच्या घरात जातो. स्प्लेंडर 97.2 सीसीची असल्याने याच गटात येते. गाडी कोण चालवणार यावर हा हप्ता ठरत नाही, शिकाऊसाठी तो वाढतही नाही.

शिकाऊच्या हातून कोणी जखमी झाले तर विमा कंपनी हात झटकू शकते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या 2004 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की लर्निंग लायसन्स हाही कायद्याच्या अर्थाने परवानाच आहे, आणि चालक शिकाऊ होता एवढ्या कारणावरून कंपनीला जबाबदारी टाळता येणार नाही. अटीचा भंग सिद्ध झाला तर मात्र न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावते आणि नंतर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे पाटी आणि मागे बसलेला लायसन्सधारक ही मालकाच्या शेताची आणि घराची राखण आहे.

दुसरा माणूस शिकवणारा. त्याने गाडीवर बसावे असे कायदाच सांगतो, पण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत त्याला जागा नाही. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग या 2006 च्या निकालानुसार, कायद्याने सक्तीच्या असलेल्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस धरला जात नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत, म्हणजे गावात जिला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तिच्यात, तो धरला जातो. विमा नियामकाने 2009 च्या परिपत्रकात आणि सर्वोच्च न्यायालयाने बालकृष्णन प्रकरणात 2012 साली हे स्पष्ट केले. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाने हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली. “काका, थर्ड पार्टीत मागं बसणाऱ्याचं काही निघत नाही, अन् पोराच्या मागं तर तुम्हीच बसणार.”

ब्रिटनमधली पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तिथे 1990 पासून शिकाऊला आधी मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्यानंतर तो ‘एल’ पाटी लावून 125 सीसीपर्यंतची गाडी एकट्याने चालवू शकतो, पण त्याला मागे कोणालाही बसवता येत नाही. विम्याचा हप्ताही तिथे चालवणाऱ्याचे वय आणि परवाना पाहून ठरतो. भारतात प्रशिक्षणाची जबाबदारी मागे बसणाऱ्या काकावर, वडिलांवर किंवा मोठ्या भावावर आहे. त्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, हातात क्लच नसतो. त्यामुळे सुरुवातीचा सराव मोकळ्या आवारात, पहिल्या-दुसऱ्या गीअरमध्येच करावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग 53 वर, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकांच्या बाजूने, शिकाऊला नेण्याची वेळ फार उशिरा येते.

तिसरा माणूस शिकाऊ स्वतः, आणि सर्वांत उघडा तोच असतो. पॉलिसीसोबतचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात कवच फक्त मालक-चालकाचे असते, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचे. काकाच्या गाडीवर शिकणारा पुतण्या मालक नाही. तो ‘तिसरा पक्ष’ही नाही. निंगम्मा प्रकरणात एक जण मागून आणलेली मोटारसायकल चालवताना पुढच्या बैलगाडीवर आदळून मरण पावला होता. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी धरले. म्हणून शिकाऊसाठी वेगळी सोय पाहावी लागते. गाडी त्याच्याच नावावर असेल तर लर्निंग लायसन्स आणि नियम 3 पाळून मालक-चालकाचे कवच लागू होते. नसेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीत त्याचे नाव घालून अपघात कवच घेता येते का ते विचारावे, किंवा वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्र काढावा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयासाठी आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी तिच्यात 2 लाख रुपये मिळतात. पुतण्याच्या खात्याला ती शिकवणीआधीच जोडली.

थर्ड पार्टीवरून फर्स्ट पार्टीवर येताना गाडीची तपासणी होते. एजंटाने मोबाइलवर चारही बाजूंचे, चॅसी नंबरचे आणि मीटरचे फोटो काढले, टाकीवरचा जुना पोचाही टिपला. नव्या गाडीला 1 सप्टेंबर 2018 पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा घेता येतो. अशा वेळी मागे बसणाऱ्याचे कवच नेमके कोणत्या कागदात आहे, ते पाहून घ्यावे.

गाडीचे नुकसान हा शिकवणीतला रोजचा विषय, पण विम्यातला सर्वांत किरकोळ. सुटीच्या दिवशी जिनिंगच्या रिकाम्या आवारात वळण घेताना पुतण्याने हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला आणि मुरमावर गाडी डावीकडे पडली. क्लचचा लिव्हर वाकला, इंडिकेटर फुटला, फूटरेस्ट आत दबला. अशा पडझडीचा दावा करावा का, याचा हिशेब सोपा आहे. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर 40 टक्के. प्लास्टिकचे 1,000 आणि लोखंडाचे 300 रुपये झाले असे धरले, तर 500 आणि 180 मिळून 680 रुपये होतात. त्यातून सक्तीची 100 रुपयांची वजावट गेली की 580 उरतात. आता गाडीवर 50 टक्के नो क्लेम बोनस आहे आणि नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता 600 रुपये आहे असे समजा. दावा केल्यावर पुढच्या वर्षी सूट शून्यावर येते, त्यानंतर 20 आणि 25 टक्के मिळते. तीन वर्षांत 300, 180 आणि 150 मिळून 630 रुपयांची सूट जाते. म्हणून लिव्हर-इंडिकेटरसारखी कामे मेकॅनिककडे रोखीने करून घ्यावीत आणि दावा मोठ्या नुकसानीसाठी राखून ठेवावा.

शिकण्यासाठी म्हणून पुष्कळ घरांत जुनी गाडी घेतली जाते. गाडी विकत घेतल्यावर थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आरसी एकाच्या नावे आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावे, अशा अवस्थेत शिकवणी सुरू करू नये. पैसे घेऊन शिकवायचे असेल तर घरगुती पॉलिसी चालत नाही. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर तिच्यात वगळलेला असतो. ड्रायव्हिंग स्कूलला परवाना आणि गाडीला त्या वापराचा विमा लागतो.

अपघात झालाच तर क्रम असा असतो. आधी जखमीला दवाखान्यात न्यावे, मग पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवावे. गाडीचे फोटो ‘एल’ पाटीसह काढावेत. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्त करू नये. दाव्यासोबत शिकाऊचे लर्निंग लायसन्स आणि मागे बसलेल्याचे पक्के लायसन्स, दोन्हींच्या प्रती लागतात. मागे लायसन्सधारक बसला होता हे त्याच कागदावरून सिद्ध होते.

पक्के लायसन्स मिळाले की पाटी आणि सोबती या दोन अटी संपतात. हेल्मेट दोघांनाही पूर्वीसारखेच लागते. पॉलिसीत बदल करावा लागत नाही, कारण ती गाडीची असते. फक्त शिकाऊसाठी घेतलेले अपघात कवच मुदतीआधी बंद करू नये, कारण नावावर गाडी येईपर्यंत मालक-चालकाचे कवच त्याला मिळत नाही.